सोल्युशनचा डबा आणि घरातला समुद्र

माझं नाव वीरधवल. आडनाव सांगत नाही. ज्यांना माझी गरज पडते त्यांना ते ठाऊक असतं, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांनी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आप्पासोंच्या लेथच्या कारखान्यावर लावलेली पाटी वाचावी. ‘वीरधवल, गुप्तहेर. चोरी, फसवणूक, बेपत्ता व्यक्ती व जनावरे.’ त्याखाली बारीक अक्षरांत ‘वर यायचा जिना मागून आहे’ असंही लिहिलंय, पण तो माझ्या कर्तृत्वाचा भाग नाही.

खरं तर मी सैन्यात जायचा. आमच्या भागात घरटी एक माणूस सैन्यात असतोच. भरतीच्या दिवशी साहेब म्हणाले, छाती फुगवून दाखव. मी फुगवली. साहेब म्हणाले, “आता फुगव.” त्याच क्षणी मी ठरवलं, देशाची सेवा छातीनं नाही, डोक्यानं करायची. तेव्हापासून साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कृष्णेच्या दोन्ही काठांवर माझ्यासारखा दुसरा गुप्तहेर झालेला नाही. क्रांती म्हणते, पहिला झाला तेवढा पुरे आहे.

क्रांती म्हणजे माझी भाची आणि मदतनीस. मला स्कूटर येत नाही, तिला येते, त्यामुळे एजन्सीचं निम्मं काम तिच्याकडे आहे. कामावर मला ‘सर’ म्हणायचं, असं मी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ती ‘मामासर’ म्हणते. माझी पद्धत तिला मी एकदा नीट समजावून सांगितली: आधी निरीक्षण, मग अनुमान, मग घोषणा. ती म्हणाली, “यात विचार कुठं करायचा, मामासर?” भाची नसती तर काढून टाकली असती.

तर त्या दिवशी खंडेनवमी होती. खालचा कारखाना बंद होता. एरवी लेथच्या आवाजानं माझं टेबल दिवसभर थरथरत असतं आणि चहाचा कप आपोआप माझ्याकडून क्रांतीकडे सरकतो. त्या दिवशी सगळं गप्प. लेथला झेंडूची माळ घातलेली, हळदकुंकू लावलेलं, समोर नारळ फोडलेला. आप्पासोंनी हातावर पेढा ठेवला.

“आज मशिनीला इसावा,” ते म्हणाले. “आज पुजायची, आज चालवायची न्हाई. उद्या दसऱ्याला बटण दाबायचं. तुमी बी घ्या की सुट्टी.”

“गुप्तहेराला सुट्टी नसते, आप्पासो,” मी पेढा खात म्हणालो.

आणि माझं वाक्य संपतं न संपतं तोच फोन वाजला. बाई रडत होत्या. मागून आणखी एका बाईंचा चढलेला आवाज येत होता. मी ताबडतोब ओळखलं, की खून झालाय किंवा सासू-सून एका घरात आहेत.

“मी सांगलीच्या विश्रामबागेतून संयोगिता बोलतेय. लवकर या. माझ्या भावाला वाचवा.”

“प्रेत कुठं आहे?”

“अजून मेले नाहीत. पण मरतील. पाण्यावर येऊन तोंडं उघडतायत.”

“किती जण?”

“दोन. मासे.”

मी फोनवर हात ठेवला आणि क्रांतीला गंभीरपणे सांगितलं, “दुहेरी खुनाचा प्रयत्न. गाडी काढ.”

विश्रामबागेतल्या त्या घराच्या फाटकाशी, कट्ट्यावर एक तिशीतला तरणा गडी मांडीवर हात आवळून बसला होता. शेजारी चप्पल काढलेली, समोर पाण्याचा तांब्या तसाच भरलेला. हाच संयोगिताबाईंचा भाऊ, उदयसिंह. कोरेगावात नळजोडणीची कामं करतो. दसऱ्यासाठी बहिणीकडे आला होता आणि आल्या आल्या तिच्या घरच्या माशांच्या टाकीचा गळका पाइप त्यानं दुरुस्त करून दिला होता.

“आरोपी तुम्ही?” मी विचारलं.

“आक्काताई तसं म्हणत्यात,” तो म्हणाला. आक्काताई म्हणजे बहिणीची सासू. “आवं, म्या परवा जोड कापला. वळणाचा नवा एल्बो बसवला, चिकटवायचं सोल्युशन लावलं आन् दिवसभर सुकाया ठिवला. तवर माशास्नी हवेचा बारका पंप लावून दिला हुता. काल सकाळी पाइप आतनं धुतला, वास गेला का बगितला, मगच पाणी सोडलं. काल दिवसभर मासं खेळत हुतं. ताईनं दाजीस्नी फोटूबी धाडला. आन् आज म्हणं, माज्या सोल्युशननं मासं मराया लागलं.”

“मग आत का नाही?”

“त्या म्हणाल्या, टाकीच्या जवळ फिरकू नगंस. म्या म्हनलं, मग घरातच न्हाई येत. ह्यो डाग पुसल्याबिगर ह्या घरातलं पाणी पिणार न्हाई. माजी हत्याराची पिशवी आत ऱ्हायलीय, तेवढी मिळाली की संध्याकाळची यश्टी धरतो.”

तो हे सगळं खाली मान घालून सांगत होता. क्रांती त्याच्याकडे बघून म्हणाली, “सणाच्या दिवशी बिचारा.” मी तिला डोळ्यांनी दटावलं. आमच्या धंद्यात दया आली की निरीक्षण जातं.

संयोगिताबाई दारातच भेटल्या. डोळे सुजलेले. त्यांनी मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. नवरा राजवर्धन सैन्यात, सध्या अंदमानला. तिथला समुद्र बघून त्याला माशांचं वेड लागलं आणि मागच्या सुट्टीत त्यानं घरात खाऱ्या पाण्याची टाकी बसवली. वर काचेची टाकी, खाली कपाटात दुसरी टाकी, मध्ये पाइप. वरचं पाणी पाइपातनं खाली यायचं आणि खालून मोटर ते परत वर ढकलायची. त्यात केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली जोडी. बारका तो हवालदार, मोठी ती हवालदारीण. नावं राजवर्धननं ठेवलेली.

“आज संध्याकाळी ते येतायत,” संयोगिताबाई म्हणाल्या. “आणि सासूबाईंनी ठरवलंय, दारात पाय ठेवला की पहिलं हेच सांगायचं, तुझ्या मेव्हण्यानं तुझे मासे मारले. एकदा तसं झालं की माझा भाऊ पुन्हा या घराचा उंबरा चढणार नाही. मला माहेरात तेवढा एकच आहे हो. ते यायच्या आत खरं काय ते शोधून काढा.”

“निश्चिंत असा,” मी म्हणालो. “तुमचा भाऊ निर्दोष आहे हे मी सिद्ध करणार.”

हे वाक्य मी नंतर मागे घेतलं, ते पुढे येईलच.

आत गेलो. पहिलं निरीक्षण नोंदवलं: घर अत्यंत शांत. मी डोळे मिटून कान दिला. कसलाही आवाज नाही.

“वा,” मी म्हणालो. “या घरात भांडणं होत नाहीत.”

“आत्ताच झालं की,” क्रांती पुटपुटली.

संयोगिताबाई म्हणाल्या, “आधी टाकीचा लई आवाज यायचा, खळखळ खळखळ. उदयनं जोड मारल्यापासनं कमी झाला होता. काल थोडासा होता, आज तोही नाही. बघा ना, किती सुबक काम केलंय, आणि त्यालाच बोल लावतात.”

“उत्तम कारागीर,” मी म्हणालो. “मुरलेला गुन्हेगारही असंच काम करतो.”

हॉलमध्ये टाकी होती. खालच्या कपाटाची दारं लोटलेली. हवालदार आणि हवालदारीण पाण्याच्या वर वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. टाकीसमोर पाटावर आक्काताई बसल्या होत्या. नाकात नथ, डोईवर पदर, आणि हातात घडी केलेलं वर्तमानपत्र. त्या माशांना वारा घालत होत्या.

“काय करताय?” मी विचारलं.

“जीव गुदमरतुया त्यास्नी. वारा घालतीया.”

“मासे पाण्यात असतात, बाई. त्यांना वाऱ्याचा काय उपयोग? पुराव्यावर हवा मारू नका.” मी त्यांच्या हातातलं वर्तमानपत्र काढून घेतलं. पुढे जे कळलं ते बघता हे मी करायला नको होतं, असं क्रांतीचं मत आहे.

आक्काताईंचा राग खरा होता आणि त्यांचं दुःखही खरं होतं. “मला आदी ह्यो समुद्र घरात नगंच हुता,” त्या म्हणाल्या. “हितं कृष्णेचं ग्वाड पाणी असतंया आन् माजं पोरगं मीठ कालवून मासं पाळतंय. पर आता सवय झालीया. सकाळी ही बया काचंला येती माज्यासमूर. तिला दाणा घातल्याबिगर मी च्या पीत न्हाई. आन् ह्या बाबानं ते घाण वासाचं सोल्युशन लावलं! अजून माज्या नाकात बसलाय वास.”

मी त्यांचा जबाब घ्यायला सुरुवात केली. “आज सकाळपासून घरात काय काय घडलं? काहीही वगळू नका.”

“सकाळी अंघूळ. घटाला माळ. कडाकण्या तळल्या. सून कालेजात गेली, हाफिसात कामाला हाय तितं. मग खंडेपूजा केली. सासऱ्यांची तलवार काढली, धुतली. कोयता, खुरपं, विळी. मग शिलाई मशीन, मिक्सर, राजाची फटफटी, मोटर...”

“पुरे, पुरे!” मी हात वर केला. “आक्काताई, सणवार मला विचारू नका. संशयास्पद काय घडलं ते सांगा.”

“संशयास्पद काय न्हाई बाई.”

“मग विषय संपला,” मी म्हणालो.

आता अनुमान. मी बाह्या सरसावल्या आणि टाकीतलं पाणी बोटानं चाखलं. झिणझिण्या आल्या. “खारट आहे!” मी ओरडलो. “कुणीतरी यात मीठ टाकलंय!”

“मामासर,” क्रांती म्हणाली, “तो समुद्र आहे.”

“मला तेच तपासायचं होतं.”

पहिला संशय मिठावरून उडाल्यावर दुसरा आपोआप आला. राजवर्धन सैन्यात. सीमेवरची माणसं. म्हणजे यात परकीय शक्तीचा हात असणार. मी हवालदाराकडे रोखून पाहिलं. त्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं आणि तोंड उघडलं, पण काही बोलला नाही. प्रशिक्षित वाटला. मी संयोगिताबाईंना विचारलं, मासे कुठल्या देशातून आले? त्या म्हणाल्या, सांगलीतून, मार्केटयार्डाच्या पलीकडच्या आर्जवच्या दुकानातून. परकीय शक्ती इतकी जवळ असेल असं मला वाटलं नाही, म्हणून ती दिशा मी सोडून दिली.

तिसरा संशय विरहाचा. मालक लांब, सण जवळ. मासे पाण्यावर येऊन दाराकडे बघतायत. मी हे सांगताच आक्काताईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या म्हणाल्या, “व्हय गं बया, तुलाबी राजाची आठवण येती व्हय?” मला क्षणभर वाटलं, केस सुटली. पण क्रांतीनं शांतपणे दाखवून दिलं, की मासे दाराकडे नाही, पंख्याकडे बघतायत.

मग उरला सोल्युशनचा डबा.

हत्याराची पिशवी टाकीशेजारीच पडली होती. करवत, पाना, उरलेला पाइपाचा तुकडा आणि तो डबा. पाइप जोडायचं सोल्युशन. मी झाकण उघडलं आणि गुप्तहेराला शोभेल असा खोल श्वास घेतला. त्यानंतर मला दोन क्रांती दिसल्या. दोघीही चिडलेल्या होत्या.

“खिडकी उघडा!” दोघी म्हणाल्या. “ते हुंगायचं नसतं!”

“विष आहे,” मी भिंतीला धरून म्हणालो. “सिद्ध झालं.”

“ओलं असताना वाफ वाईट असते, हे डब्यावरच लिहिलंय. पण सुकल्यावर काय होतं, ते विचारायला नको का? तो आर्जव मासेवाला आहे, त्यालाच फोन लावते.”

तिनं फोन लावला. मी तो तिच्या हातातून काढून घेतला. तज्ज्ञांशी तज्ज्ञांनी बोलायचं असतं. आर्जव दुकानात गिऱ्हाइकांच्या गर्दीत होता, तरी नीट बोलला.

“पाण्याच्या पाइपाचं सोल्युशन ना? आम्ही पण तेच वापरतो, साहेब. ते प्लास्टिकला थोडं विरघळवून एकमेकांत जोडतं आणि वाफ उडून गेली की उरतं ते प्लास्टिकच. पुरतं सुकू दिलं, धुतलं, तर माशांना काही करत नाही. ओलं असताना पाणी सोडलं तर गडबड. पण तसं असतं तर काल पाणी सोडल्या सोडल्याच मासे आडवे झाले असते. काल खेळत होते म्हणता, मग ते नाही. मासे वर येऊन तोंड मारतायत का? मग मला एक सांगा, पाणी फिरतंय का?”

“पाणी?” मी हसलो. “पाणी कुठं फिरायला जाणार? टाकीतच आहे.”

आणि फोन ठेवून दिला.

“काय विचारलं त्यांनी?” क्रांतीनं विचारलं.

“काही नाही. दुकानदार लोक. विनोदी स्वभाव.”

आता सुकलेलं सोल्युशन निरुपद्रवी असतं, हे आर्जवचं म्हणणं मी तसंच मानून घेईन, असा मी नाही. मी पिशवीतला पाइपाचा तुकडा घेतला, त्याच्या टोकाला सोल्युशन फासलं आणि ते सुकताना काय होतं हे जवळून बघण्यासाठी माझं भिंग पुढे केलं. भिंगाची कड आणि दांडा प्लास्टिकचा आहे. जवळून, आणखी जवळून. वाफेनं डोळे चुरचुरले, मी भिंग बाजूला घ्यायला गेलो. भिंग आलं. पाइपही आला.

मी ओढलं. क्रांतीनं ओढलं. संयोगिताबाईंनी पाइप धरला आणि आम्ही दोघांनी भिंग ओढलं. काही उपयोग नाही. एक वीतभर पाइप आणि त्याच्या टोकाला एक डोळा, असं काहीतरी नवीन हत्यार माझ्या हातात तयार झालं होतं.

“जोड लय पक्का मारतो माझा भाऊ,” संयोगिताबाई रडता रडता म्हणाल्या. “बघा, सोल्युशन तरी कसलं भारी.”

“आता तुमच्या भिंगातनं पाणी पण येईल,” क्रांती म्हणाली.

संध्याकाळ व्हायला आली. हवालदारीण एका कुशीवर कलल्यासारखी झाली होती. आक्काताई पाटावरून उठल्या, काचेला हात लावून पुटपुटल्या, “बया, माजं लेकरू येईपातूर तरी धर गं.” संयोगिताबाई सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. गाडी मिरजेला पोहोचल्याचा राजवर्धनचा निरोप आला होता.

घोषणेची वेळ झाली. मी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. उदयसिंह घरात यायला तयार नव्हता, म्हणून तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मी पाइपासकट भिंग मागे धरून येरझाऱ्या घातल्या.

“या घरात जे घडलं ते साधंसुधं नाही,” मी म्हणालो. “मिठाचा मार्ग बंद. परकीय शक्ती मार्केटयार्डात. विरह पंख्याकडे बघतो. तज्ज्ञ म्हणतात, सोल्युशननं मारायचं असतं तर कालच मारलं असतं. सामान्य माणूस इथं थांबेल. पण मी विचारतो: काल का नाही मारलं? कारण त्याला आज मारायचं होतं! हे आहे सावकाश चालणारं विष. जोड दिसायला सुकलेला, आतून कपटी. आरोपी उदयसिंह, तुमच्या सोल्युशनचा दोष नाकारता येत नाही.”

मी थांबलो. मला टाळ्यांची अपेक्षा होती.

“मामा,” क्रांती म्हणाली. ‘सर’ नाही, नुसतं ‘मामा’. तिचा आवाज बदलला होता. “तुम्हाला त्याला वाचवायला बोलावलं होतं.”

संयोगिताबाई मटकन खुर्चीवर बसल्या. बाहेर उदयसिंहनं चप्पल पायात घातली. तो भांडला नाही, हेच मला जास्त लागलं. एवढंच म्हणाला, “ताई, माजी हत्यारं आण. जातो मी.”

आक्काताईंचा चेहरा जिंकल्यासारखा व्हायला हवा होता. तो नव्हता झाला. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग कपाटाकडे, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “हत्यारं आज न्हाई मिळायची.”

“का?” उदयसिंह म्हणाला. “तीबी जप्त केली व्हय?”

“जप्त कशाला करू? आज खंडेनवमी हाय. न पुजता हत्यार घरातनं बाहीर जात नसतंय, मग ते तुजं असू दे न्हाईतर माज्या पोराचं. इथं ठिव, हळदकुंकू लावते, उद्या ने.”

“मला आजच जायाचं हाय.”

“आन् गावात पोचून कुणाचा नळ दुरुस्त कराया बसलास तर? आज हत्याराला इसावा असतुया. म्या घरातल्या समद्यास्नी सुट्टी दिलीया. मिक्सर बंद, शिलाई मशीन बंद, राजाची फटफटी बंद. टाकीखालची मोटर सुदिक सकाळी पुजून बंद करून ठिवली. रातदिस घरघर करती बिचारी, तिला नगं व्हय एक दिवस?”

आणि पिशवी ठेवायला जागा करावी म्हणून त्यांनी कपाटाची दारं उघडली.

आत मोटर होती. तिच्या डोक्यावर जास्वंदीचं फूल होतं, कपाळावर म्हणजे जिथं कपाळ असायला हवं तिथं हळदकुंकू होतं, आणि समोर एक कडाकणी ठेवलेली होती. मोटर पूर्ण विश्रांती घेत होती. मघापासून ज्या शांततेची मी इतकी वाहवा केली होती, ती इथून येत होती.

संयोगिताबाई उठल्या. त्यांनी भिंतीकडे जाऊन बटण दाबलं.

आधी एक गुरगुर झाली. मग वरच्या नळीतनं बुडबुडे आले, मग पाणी धो धो करत टाकीत पडायला लागलं आणि उदयसिंहच्या नव्या जोडातून खाली उतरायला लागलं, एक थेंबही न गळता. पाण्यात हवा मिसळायला लागली. हवालदार पहिल्यांदा खाली गेला. हवालदारीण वरच राहिली, आणि आम्ही सगळे, म्हणजे उंबऱ्याबाहेरचाही, श्वास धरून उभे राहिलो. मग तिनं एक झटका दिला, सरळ झाली, पाण्याच्या धारेखाली जाऊन उभी राहिली.

“आई गं,” आक्काताई म्हणाल्या आणि पाटावर बसल्या.

“हेच मी आता सांगणार होतो,” मी म्हणालो.

“कधी?” क्रांतीनं विचारलं.

आक्काताई मोटरीवरच्या फुलाकडे बघत होत्या. घरात मोठी असलेली बाई चुकली, की तिला काय बोलावं ते सुचत नाही, हे मी माझ्या आईमध्ये पाहिलंय. संयोगिताबाई त्यांच्याजवळ बसल्या. “जाऊ दे सासूबाई. मासे वाचले ना. हे आल्यावर मी काही बोलणार नाही. कुणीच बोलणार नाही.”

“केस बंद,” मी म्हणालो. “गोपनीयता हा आमचा...”

तेवढ्यात फाटक वाजलं. राजवर्धन आला. पाठीवर हिरवी बॅग, चेहरा उन्हानं रापलेला. फाटकाशीच त्यानं मेव्हण्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला ओढतच आणलं. उदयसिंह उंबऱ्याशी थांबला. राजवर्धन आईच्या पाया पडला आणि लगेच टाकीकडे वळला.

“हवालदारीण कशी हाय, आई?”

“बरी आहे,” संयोगिताबाई घाईनं म्हणाल्या.

“थांब गं,” आक्काताई म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या, पदर नीट केला. “राजा, तुजं मासं आज मराया टेकलं हुतं. म्या मोटर पुजली आन् बंद करून ठिवली. आन् दिसभर ह्या पोराला नाव ठिवलं, की तुज्या सोल्युशननं मारलं. त्याचं काय सुदिक चुकलं न्हाई. लय झ्याक जोड मारलाय त्यानं. हे मी तुला सांगणार न्हाई म्हनलं असतं तर त्यो डाग त्याच्यावरच ऱ्हायला असता.”

हे सगळं त्यांनी मान खाली न घालता सांगितलं. गुन्हेगार कधीच कबूल होत नाही, असं मी माझ्या व्याख्यानात नेहमी सांगतो. ते वाक्य मी मनातल्या मनात खोडलं. 

राजवर्धन हसायला लागला. “आई, आमच्याकडं पण आज शस्त्रपूजा असती. पण रडार कुणी बंद करत नाही.”

आक्काताईंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्या दाराशी गेल्या. “उदय, आत ये. चप्पल काढ. किती येळ उबा ऱ्हाणार हाईस?”

“पाणी पितो मी,” उदयसिंह म्हणाला. एवढंच. पण तो उंबरा ओलांडून आत आला आणि बहिणीनं दिलेला तांब्या त्यानं एका दमात रिकामा केला. संयोगिताबाईंनी पदरानं डोळे पुसले.

मग आक्काताईंनी पिशवी उघडली. करवतीला, पान्याला कुंकू लावलं. सोल्युशनचा डबा त्यांनी उचलून पाटाच्या मधोमध ठेवला, त्यावर हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूचं फूल ठेवलं. “जोडणारं हाय,” त्या म्हणाल्या. “ह्यालाबी हत्यारात धराया पायजे.” मी लांबूनच नमस्कार केला. वास अजून माझ्या नाकात होता.

“आन् तुमचं हत्यार काय वो, गुप्तहेर?”

मी भिंग पुढे केलं. ते वीतभर पाइपाला चिकटलेलं होतं. उदयसिंहनं जोड निरखून बघितला आणि म्हणाला, “कुणी मारला? चांगला बसलाय.” त्या दिवसभरात माझ्या कामाचं कौतुक करणारा तो एकच माणूस. आक्काताईंनी भिंगाला कुंकू लावलं. “आजच्या दिस ह्यालाबी इसावा द्या.”

“त्याला वेगळा कशाला?” क्रांती म्हणाली. “त्याला रोजचाच आहे.”

सगळे हसले. मासेही हसल्यासारखे वाटले, पण ते त्यांचं तोंड होतं. आक्काताई मग वाकल्या, चालत्या मोटरीवरचं सुकलेलं फूल काढून ताजं ठेवलं आणि तिच्यावर प्रेमानं हात फिरवला.

“तुला न्हाई गं बाई सुट्टी,” त्या म्हणाल्या. “घरातल्या बाईवानी सणालाबी चालतच ऱ्हा.”

मोटर घरघरत राहिली. संयोगिताबाईंनी क्रांतीकडे बघितलं, क्रांतीनं आक्काताईंकडे. मी यावरून एक अनुमान काढणार होतो, पण तिघींनी एकदम माझ्याकडे बघितलं, तेव्हा मी गपचूप ताटातली कडाकणी खाल्ली.